टर्बोचा बूस्ट सेन्सर खरंच गेलाय का? नाशिकच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे. टर्बोची गाडी घेऊन येणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा निकाल सोबतच घेऊन येतो: "भाऊ, स्कॅनर लावला होता, बूस्ट सेन्सर गेलाय म्हणतात. बदलून टाका." बदलायला माझं काय जातंय? पण सेन्सर धडधाकट असला तर आठ दिवसांनी तीच गाडी तोच दिवा पेटवून परत दारात उभी राहते. रोज तोंडी सांगतो तेच इथे लिहून ठेवलंय.

बूस्ट सेन्सर म्हणजे काय आणि तो असतो कुठे?

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर टर्बोतलं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. ही हवा किती दाबली गेली ते बूस्ट सेन्सर मोजतो. अंगठ्याएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, एका-दोन स्क्रूवर बसवलेला. इंटरकूलरकडून (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या पाइपवर किंवा थेट इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपवर) सापडेल.

आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकतो, त्याबरोबर त्याचा विद्युत रोध बदलतो. गाडीचा कॉम्प्युटर त्याला ५ व्होल्ट देतो आणि तो दाबाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट परत पाठवतो. तीन वायरी असतील तर नुसता दाब, चार असतील तर चौथी हवेचं तापमान सांगणारी.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. हा सेन्सर टर्बोने वाढवलेला दाब वेगळा काढून सांगत नाही. वातावरणाचा दाब धरून एकूण दाब सांगतो. म्हणजे इंजिन बंद असतानाही तो शून्य दाखवत नाही. पुढची निम्मी तपासणी यावरच चालते.

बिघडला की गाडी काय करते?

पिकअप जातो. चेक लाइट लागतो. काही गाड्या ३००० आरपीएमच्या आसपास अडकतात, कितीही रेस दाबा, पुढे जात नाहीत. कॉम्प्युटरला आकड्यांवर भरवसा वाटेनासा झाला की तो टर्बो आवरतो आणि घरी पोहोचण्यापुरतीच ताकद देतो. चावी बंद करून परत मारली की गाडी पुन्हा पळते, आणि पुढच्या चढाला परत बसते. डिझेलला काळा धूर येऊ शकतो, ॲव्हरेज पडतं.

अडचण अशी की फुटलेली नळी, अडकलेला टर्बो, तुंबलेला एअर फिल्टर यांचीही लक्षणं हीच. नुसत्या लक्षणांवरून सेन्सर धरणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

स्कॅनरने पी०२९९ दाखवला. म्हणजे सेन्सर बदलायचा ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच कोडवर वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पी०२९९ चा अर्थ "हवा होता तेवढा दाब तयार झाला नाही". आता हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलं? त्याच सेन्सरने. म्हणजे कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तक्रार करतोय. गळती असेल तर दाब खरोखरच कमी असतो आणि सेन्सर इमानदारीने तसं कळवतो. त्याला काढून नवा बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नवा सेन्सरही तेच सांगणार.

आता उलट बाजू बघा. सेन्सर खोटं बोलून दाब जास्त दाखवत असेल तर? कॉम्प्युटरला वाटतं, झालं, टार्गेट गाठलं. तो टर्बोला आवरतो. गाडी मरगळते, पण पी०२९९ येत नाही, कारण कागदावर सगळं बरोबर असतं. आणि सेन्सर दाब कमी दाखवत असेल तर कॉम्प्युटर टर्बोला अजून पळवतो. शिट्टी वाढते, प्रत्यक्षात दाब गरजेपेक्षा जास्त जातो, तरी कॉम्प्युटर समाधानी नाही. या शेवटच्या प्रकारात मात्र पी०२९९ सेन्सरमुळे येऊ शकतो. तो ओळखायची खूण सोपी आहे: कोड "दाब कमी" म्हणतोय आणि गाडी मात्र दणकून ओढतेय.

म्हणून पी०२९९ आला की क्रम असा ठेवा: एअर फिल्टर, नळ्या आणि क्लॅम्प, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोचा ॲक्च्युएटर (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग), आणि मग सेन्सर.

मग कोणता कोड आला तर सेन्सरवर संशय घ्यायचा?

पी०२३५ ते पी०२३८ ही बूस्ट सेन्सरच्या सर्किटची मालिका. त्यात ०२३७ म्हणजे सिग्नल फार खाली, ०२३८ म्हणजे फार वर, ०२३६ म्हणजे आकडा पटत नाही. काही गाड्यांत हीच तक्रार पी०१०६, ०१०७, ०१०८ या नंबरांनी येते. पी००६९ आला तर मॅनिफोल्डचा दाब आणि वातावरणाचा दाब एकमेकांशी जुळत नाहीत.

पण "सर्किट" या शब्दात वायर, कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) आणि पिना पण आल्या. ०२३७ किंवा ०२३८ आला की मी आधी कपलर उघडून बघतो, सेन्सर नंतर.

पी०२३४ म्हणजे दाब जास्त झाला. इथे पहिला संशय टर्बोच्या अडकलेल्या पात्यांवर, वेस्टगेटवर (जादा वायू टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेवर) किंवा त्यांच्या नळीवर.

सेन्सर खरा बोलतोय की खोटा, हे घरी कळू शकतं का?

हो, आणि पाच मिनिटांत. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीतल्या स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये) लावायचा ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवर एखादं ॲप एवढं पुरे.

गाडी रात्रभर उभी असू द्या. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्ड प्रेशर उघडा. इंजिन बंद, म्हणजे पाइपात फक्त बाहेरची हवा. आकडा वातावरणाच्या दाबाएवढाच यायला हवा.

तो किती? इथे नाशिककरांनी जपून. पुस्तकात आणि व्हिडिओत सगळीकडे १०१ किलोपास्कल सांगतात. तो समुद्रसपाटीचा आकडा, मुंबईसाठी ठीक. आपण साधारण ६०० मीटर उंचीवर राहतो. आपल्या पट्ट्यात दर शंभर मीटर चढलं की दाब साधारण १.१ ते १.२ किलोपास्कलने उतरतो. म्हणजे नाशिकला ९४ च्या आसपास आकडा हवा. पावसाळ्यात कमी दाबाचे दिवस असले की ९३ पण दिसेल. त्र्यंबकेश्वरला अजून थोडा खाली, सप्तशृंग गडावर त्याहून खाली.

इंदिरानगरच्या एका काकांची गाडी मुंबईहून आली होती, इथे आल्यावर तिच्यावर "सेन्सर ७ ने कमी दाखवतोय" असा शेरा. मुंबईतल्या गॅरेजवाल्याने फोनवर नाशिकचा आकडा विचारला आणि तिथूनच निदान करून टाकलं. गाडीत होते ९४. काकांना म्हटलं, सेन्सर बरोबर आहे, तुमच्या गाडीने फक्त कसारा घाट चढलाय.

त्याच ॲपमध्ये बॅरोमेट्रिक प्रेशर असा वेगळा आकडा मिळाला तर फार उत्तम. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या डब्यातच वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दोन-तीनचा फरक मी सोडून देतो. बॅरो ९४ आणि बूस्ट सेन्सर १०८ किंवा ८२ असेल, तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायरिंग हमखास दोषी.

पण मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये तर नाशिकचा दाब १००९ दाखवतात!

तो समुद्रसपाटीला आणून मांडलेला आकडा असतो, वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून. तुमच्या अंगणातला खरा दाब तो नाही. मोबाइलमध्ये स्वतःचा बॅरोमीटर असेल (सगळ्यांत नसतो) तर त्याचं कच्चं रीडिंग बघा. तिथे ९४० च्या आसपास मिलिबार दिसतील. दहाने भागा, किलोपास्कल आले.

इंजिन चालू केल्यावर किती यायला हवं?

डिझेल आयडलला (रेस न देता) जवळपास तेवढाच राहतो, ९४-९५, फार तर थोडा वर. पेट्रोल टर्बोत थ्रॉटलनंतरचा (रेस दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेपुढचा) सेन्सर आयडलला ३० ते ४५ दाखवतो, कारण थ्रॉटल बंद आणि इंजिन हवा खेचतंय. हे बघून घाबरू नका. बऱ्याच पेट्रोल टर्बो गाड्यांत थ्रॉटलच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. पूर्ण रेस दाबल्यावर दोघांचे आकडे जवळ यायला हवेत.

भर लोडवर बऱ्याच डिझेल गाड्या एकूण २०० ते २५० च्या घरात जातात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला. साध्या ॲपमधला हा आकडा एकाच बाइटचा असतो, त्यामुळे २५५ च्या वर तो दाखवूच शकत नाही. २५५ वर अडकला म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे. अशा वेळी कंपनीचे खास आकडे वाचणारा स्कॅनर लागतो.

जागेवर रेस करून बघितलं, दाब वाढतच नाही.

वाढणारही नाही फारसा. लोड नसेल तर टर्बोला फिरवायला पुरेसा वायूच तयार होत नाही.

मग रस्त्यावर टेस्ट कशी घ्यायची?

आपल्याकडे घाटांना तोटा नाही. इगतपुरीकडून खाली उतरून परत कसारा घाट चढताना, किंवा चांदवडकडे राहुड घाटात, तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमपासून सलग रेस द्या. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात हवा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. मागून ट्रक येतोय का ते बघूनच.

ॲपमध्ये आरपीएम आणि दाब दोन्हीचं रेकॉर्डिंग लावा. रेस दिल्याबरोबर आकडा चढतो, की दोन-तीन सेकंद विचार करून चढतो? रेस सोडल्यावर झटकन उतरतो, की रेंगाळतो? चढताना आणि उतरताना दोन्हीकडे रेंगाळत असेल तर सेन्सरच्या तोंडाशी काजळी-तेलाचा चिकटा साचल्याची दाट शक्यता. असा सेन्सर इंजिन बंद असताना ९४ बरोबर दाखवतो आणि परीक्षेत पास होतो, म्हणूनच ही दुसरी टेस्ट.

आकडा झपकन शून्याकडे किंवा एकदम टोकाला उडी मारून परत येत असेल तर ती वायर किंवा कपलर. खरा दाब अशा उड्या मारत नाही.

नळी फुटलीय हे कसं ओळखायचं?

कानाने आणि हाताने. लोडवर "शूऽऽ" असा आवाज, सोबत काळा धूर, तर पहिला संशय नळीवर. इंजिन थंड असताना टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड अशा दोन्ही रबरी नळ्या हाताने पिळून बघा. चीर बहुतेक खालच्या पोटाला किंवा क्लॅम्पच्या कडेखाली असते, वरून दिसत नाही. बाहेर तेलाचा ओला डाग आणि त्यावर धूळ बसली असेल तर हवा तिथूनच निघतेय. आत थोडा तेलाचा हात बहुतेक टर्बोंना असतोच, त्यावरून टर्बो गेला म्हणू नका.

घरी नाही सापडली तर स्मोक टेस्ट करणाऱ्याकडे जा. पाइपात धूर सोडतात, जिथून निघेल तिथे चीर.

मल्टीमीटरने तपासता येतो का?

येतो, सर्किट डायग्राम हातात असेल तर. कपलर काढून, चावी ऑन करून, एका पिनवर ५ व्होल्ट आणि दुसरीवर चांगली अर्थिंग मिळायला हवी. ५ च्या जागी साडेतीन-चारच मिळत असेल तर सेन्सरला दोष देऊ नका, त्याला खायलाच कमी मिळतंय. हीच ५ व्होल्टची लाइन बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या सेन्सरलाही जाते. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार.

कपलर लावून, मागून बारीक पिन घालून सिग्नल मोजा. इंजिन बंद असताना किती व्होल्ट हवेत ते सेन्सरच्या रेंजवर ठरतं, तेवढं डायग्राममधून घ्या. वायरचं इन्शुलेशन टोचू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं.

वायरिंग इतकी कशामुळे खराब होते?

पाणी आणि उंदीर.

इगतपुरीच्या पावसात रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांत, किंवा वॉशिंग सेंटरवर इंजिनात प्रेशरचा फवारा मारलेल्या गाड्यांत, कपलरच्या पिनांवर हिरवा थर दिसतो. रबरी सील फाटलेलं असतं.

उंदरांचं माझ्याच चुकीसकट सांगतो. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराची डिझेल गाडी, कोड पी०२३७. गाडी द्राक्षाच्या क्रेट ठेवायच्या शेडमध्ये लागायची. मी घाईत होतो. सेन्सर बदलला, गावात चक्कर मारली, दिवा नाही, पैसे घेतले. चौथ्या दिवशी ते वणीच्या गडावर गेले आणि चढाला गाडी बसली. परत आल्यावर स्कॅनर लावून ठेवला, आकडा ९४, आणि वायरिंगची माळ हाताने इंच-इंच हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेमागे हात गेला आणि आकडा धाडकन खाली. टेप सोडला तर आत कुरतडलेली सिग्नलची वायर, तांबं उघडं, शेजारी पत्र्याचा ब्रॅकेट आणि त्याच्या मागे कापसाचं घरटं. सपाटीला वायर लांब राहायची. चढाला लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं, माळ ओढली जाते, तांबं पत्र्याला टेकतं. सेन्सरचे पैसे मी परत दिले. तेव्हापासून वायर हलवून बघितल्याशिवाय सेन्सरला हात लावत नाही.

सेन्सर साफ करून चालतो का?

चिकट्यामुळे मंदावला असेल तर बऱ्याचदा चालतो. ईजीआरची (जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून काळी पेस्ट होते, ती तोंडाशी बसते. सेन्सर काढा, तोंड खाली धरा, मास एअरफ्लो सेन्सरसाठीचा किंवा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आपोआप वाळू द्या. कार्ब्युरेटर क्लीनर नको, पेट्रोल नको, आणि टाचणी तर अजिबात नको. आतला पडदा टोचला की सेन्सर गेला. बसवताना ओ-रिंग चिरली नाही ना, ते बघा. नाहीतर नवी गळती तुम्हीच तयार कराल.

नाशिकच्या द्वारका चौकात तसाच दिसणारा स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तर घ्या. दिसायला एक, कपलर एक, स्क्रूची भोकं एक, आणि आतली रेंज वेगळी असे सेन्सर सर्रास असतात. एक २५० किलोपास्कलपर्यंतचा, दुसरा ३०० चा. तेवढ्याच व्होल्टचा अर्थ दोघांत वेगळा निघतो आणि कॉम्प्युटर फसतो. म्हणून कोणताही नवा सेन्सर बसवला की आधी चावी ऑन करून ९४ येतात का बघा, मग पैसे द्या.

कपलर काढून तशीच चालवली तर?

गॅरेजपर्यंत, हळू. कॉम्प्युटर ठोकळ आकडा धरून चालतो, ताकद मिळत नाही.

बीएस-६ गाडीत डीपीएफचा प्रेशर सेन्सर हाच का?

नाही. तो सायलेन्सरच्या बाजूचा, त्याला दोन बारीक नळ्या असतात आणि तो डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, आधीच्या व नंतरच्या दाबातला फरक मोजतो. काउंटरवर "प्रेशर सेन्सर द्या" एवढंच म्हणालात तर कोणताही हातात पडेल.

महिनाभर असंच चालवलं तर काय होईल?

कमी ताकदीवर हळू चालवली तर लगेच काही मोडत नाही. पण डिझेल काळा धूर ओकत असेल तर ईजीआर आणि बीएस-६ गाडीत डीपीएफ काजळीने भरत जातात, पीयूसीलाही गाडी अडकते. खरा धोका सेन्सर दाब कमी दाखवत असेल तेव्हा: टर्बो गरजेपेक्षा जास्त पळतो. नेहमीपेक्षा मोठी शिट्टी आणि नको तेवढा पिकअप जाणवला तर घाट चढायला जाऊ नका.

कोड उडवला, दिवा गेला. काम झालं?

दिवा गेला, एवढंच. कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम वाचून घ्या. कोड आला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, लोड आणि तापमान त्यात साठवलेलं असतं. काही मेकॅनिक गाडी आली की आधी कोड उडवतात आणि मग दोष शोधत बसतात, ते मला कधी कळलं नाही. गॅरेजला नेताना "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. कितव्या गिअरला, किती आरपीएमला, चढाला की सपाटीला, धूर होता का, आदल्या आठवड्यात गाडी धुतली होती का किंवा सर्व्हिसिंग झालं होतं का, हे सांगा. नुकतं सर्व्हिसिंग झालं असेल तर मी पहिल्यांदा एअर फिल्टरच्या डब्याजवळचा क्लॅम्प आणि सेन्सरचा कपलर बघतो. कपलर नीट बसला की "टिक" असा आवाज येतो, आणि घाईत तो आवाज यायच्या आधीच हात निघालेला असतो.